बारा गायी आणि एक पिवळा ठिपका

“…आणि तुटलं तर?”

“तुटणारच नाही, वस्ताद.”

“मी ते इचारलं न्हाई.”

श्रेणिक हसला. म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नसावं असं त्याला वाटलं. म्हणून त्यानं तेच उत्तर जरा मोठ्या आवाजात दिलं.

“तुटणारच नाही!”

गुलाब वस्तादांनी चहाची बशी खाली ठेवली आणि समोरच्या गायीकडं बघत बसले.

मी तिथंच होतो. मी गुरांचा डॉक्टर. तारा नावाच्या गायीच्या कासेला सूज होती, तिला तिसरी सुई द्यायला आलो होतो. सुई देऊन झाली तरी पाय निघेना, कारण त्या दिवशी राजमतीअक्कांच्या गोठ्यात श्रेणिकच्या कामाची परीक्षा होती. म्हणून हे ऐकीव नाही. डोळ्यांनी बघितलेलं सांगतोय.

आमचं निमशेत गाव शिरोळकडचं. गुलाब मुलाणी त्याच गावचे. शिक्षण सातवी. साखर कारखान्यात तीस वर्षं वायरमन होते. पंचावन्नाव्या वर्षी चष्मा लावून कॉम्प्युटरच्या वायरी शिकले, आणि आता भल्याभल्या कंपन्यांचे इंजिनिअर अडले की त्यांच्या ओट्यावर येऊन बसतात. आमच्या भागाला त्यांचा गर्व आहे. मला तर आहेच, आणि तो लपवायचं काही कारण दिसत नाही.

वस्तादांची एक रीत होती. काम पसंत पडलं की खिशातून रंगाची चपटी डबी काढायची, करंगळी बुडवायची आणि पॅनेलच्या दारावर पिवळा ठिपका ठेवायचा. बस. सही नाही, शिक्का नाही. आमच्याकडं कोणी ‘काम कसं झालंय’ असं विचारत नाही. दार बघतात.

श्रेणिक मगदूम सहा वर्षं त्यांच्या हाताखाली होता. इंजिनिअर, हुशार, हाताला वळण असलेला. पण त्यानं एकट्यानं केलेल्या कामावर अजून एकही ठिपका पडला नव्हता.

आज पडणार, याची त्याला खात्री होती. इतकी, की ‘श्रेणिक मगदूम, गोठा नेटवर्क’ अशी पाटी त्यानं आधीच रंगवून आणली होती. वर्तमानपत्रात गुंडाळून जीपमध्ये ठेवलेली. आम्हाला सगळ्यांना ती माहीत होती. वस्तादांनाही असणार.

अक्कांनी शेजारच्या चार गावांतले गोठेवाले बोलावले होते. त्यांत भरमूअण्णा पाटील होते, दोनशे गायींचे धनी. ठिपका पडला तर चारही गोठ्यांचं काम श्रेणिकचं, आणि तो आपल्या पायावर उभा. नाही पडला तर पुन्हा वस्तादांची पिशवी उचलायची.

अक्कांच्या गोठ्यात एकशे चाळीस गायी. प्रत्येकीच्या गळ्यात पट्टा. गाय दूध काढायच्या जागी आली की पट्ट्यावरून कॉम्प्युटर ओळखतो, ही अमुक. तिचं खाद्य तेवढंच पडतं, यंत्र लागतं, दूध मोजलं जातं. औषध चालू असलेल्या गायीचं दूध टाकीत न जाता वेगळ्या कॅनमध्ये वळतं. दूध झालं की फाटक उघडतं. हे सगळं बोलणं वायरीतून चालतं.

पूर्वी ते बोलणं दिवसाआड बंद पडायचं. पाण्याचा फवारा, उंदीर, त्यात शेणामुताची वाफ तांब्याला खाते. वायर मेली की फाटकं बंद, आणि त्या वेळी धारेला आत घेतलेल्या बारा गायी यंत्र लावलेल्या तशाच अडकून. एकदा एक गाय तशीच आत बसली. तिला बाहेर काढताना अक्का रडल्या होत्या. ही यंत्रं मोडीत घाला म्हणाल्या होत्या.

त्यानंतर श्रेणिकनं सगळं नव्यानं केलं.

“अकरा दिवस झाले,” श्रेणिक पाहुण्यांना सांगत होता. “बाविसावी धार चाललीय. एकदाही बंद पडलेलं नाही. या, पडदा बघा.”

अक्कांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरव्या रेघा होत्या. अकरा दिवसांच्या सलग, सरळ.

“तांब्याची वायर नाही. काचेची तार आहे, आत उजेड धावतो. त्याला वाफ काय खाणार? आणि कडं केलंय. म्हणजे ऑफिसातून गोठ्यात जायला एक रस्ता, परत यायला दुसरा. एक तुटला तर बोलणं उलट्या बाजूनं फिरतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत!”

भरमूअण्णांनी मान डोलावली. त्यांना किती कळलं ते पांडुरंगाला ठाऊक.

वस्ताद गोठ्यात हिंडत होते. एका जागी थांबले. प्रत्येक गायीच्या जागेवर, हाताच्या उंचीला, एकेक करडा डबा बसवलेला होता. फाटकाजवळ लाल मुठीचा एक दांडा.

“ह्ये काय?”

श्रेणिकनं वळूनही बघितलं नाही.

“ते काही नाही, वस्ताद. असंच. तुम्ही इकडं या, पॅनेल बघा.”

वस्ताद आले. पॅनेल बघितलं. खरं सांगतो, देवघर असावं तसं पॅनेल होतं. स्टीलची पेटी, दाराला रबर, आत एकेक तार विंचरून बसवलेली.

“काढा,” श्रेणिक म्हणाला. “तुमच्या हातानं काढा कुठलीही.”

आत पहिल्या बारा गायींची धार चालू होती. वस्तादांनी एक तार उपसली.

यंत्रांची टक… टक… टक… तशीच चालू राहिली.

ती परत घातली. थोडं थांबून दुसरी उपसली.

टक… टक… टक…

पडद्यावरची एकही रेघ हलली नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्कांनी पदरानं तोंड पुसलं आणि अशा काही उभ्या राहिल्या, जणू गोठा त्यांनीच बाळंत केला होता. मीही टाळी वाजवली. आपल्या गावचं पोर, का वाजवू नये?

श्रेणिकनं दाराची एक जागा रुमालानं पुसली. ठिपका जिथं पडतो, बरोबर ती जागा.

वस्तादांचा हात खिशाकडं गेला…

तपकीर काढली, ओढली, आणि ते मागच्या भिंतीकडं चालू लागले.

आम्ही सगळे मागोमाग.

गोठ्याच्या मागच्या भिंतीवरून, गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक पांढरा पाइप ऑफिसकडं गेला होता. दोरी लावून आखल्यासारखा सरळ. शेजारून शेण ओढणाऱ्या ट्रॅक्टरची वाट.

“देखणा हाय,” वस्ताद म्हणाले.

“एका दिवसात बसवला,” श्रेणिक म्हणाला. “एक इंच इकडं तिकडं नाही.”

“रस्तं किती म्हनलास?”

“दोन.”

“पाइप किती?”

पलीकडं कुठंतरी वासरू हंबरलं. श्रेणिक पाइपाकडं बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

“एक,” तो म्हणाला.

भरमूअण्णा मला कोपरानं ढोसून विचारू लागले, “म्हंजे काय ओ डॉक्टर?” मी सांगितलं की दोन्ही रस्ते एकाच पाइपातून जातात. पाइप तुटला तर दोन्ही गेले.

“आरं तिच्या!” भरमूअण्णा म्हणाले. जरा जास्तच मोठ्यानं.

“भिंत दोनदा फोडायचं जिवावर आलं, वस्ताद,” श्रेणिक हळू आवाजात म्हणाला. “आणि… एकच पाइप दिसायला चांगला दिसत होता.”

वस्तादांनी मान हलवली. रागावले नाहीत. ते रागावले असते तर पोराला सोपं गेलं असतं.

“दुसऱ्या बारा गायी आत घेतल्या का गं कल्पना?” त्यांनी ओरडून विचारलं.

कल्पना म्हणजे धारेवरची बाई. आतून तिचा आवाज आला, “घेतल्या! यंत्रं लागली!”

“तारा हाय त्यात?”

“हाय की, पाचव्या जागंवर!”

वस्ताद वैरणीच्या खोलीत गेले. कुऱ्हाड घेऊन आले. ती श्रेणिकच्या हातात दिली.

“मार.”

“…कशावर?”

वस्तादांनी पाइपाकडं बोट केलं.

“वस्ताद, आत बारा गायी आहेत.”

“व्हय.”

“तारा औषधावर आहे!”

“म्हनूनच इचारलं.”

ताराला सुई मी दिली होती. तिचं दूध टाकीत मिसळलं तर त्या दिवसाचं सगळं दूध ओतून द्यावं लागणार. कॉम्प्युटर तिला ओळखतो म्हणून ते वेगळं जातं. पाइप तुटला की ओळखणार कोण?

“गुलाबभाई,” अक्का पुढं झाल्या, “पोराची चूक कळली न्हवं? झालं. आता गाय कशाला अडकवतासा?”

“अक्का, तुमी आत जावा. ताराजवळ हुबं ऱ्हावा.” वस्तादांचा आवाज मऊ होता. “डॉक्टर, तुमी बी.”

अक्का गेल्या नाहीत. मीही गेलो नाही.

श्रेणिक कुऱ्हाड धरून उभा. चार गावांचे गोठेवाले बघतायत. आत ऑफिसात अकरा दिवसांच्या हिरव्या रेघा. मला त्याची दया आली, आणि थोडा रागही. रंगवायची काय घाई होती रे त्या पाटीची?

“नाही मारलं तर?” त्यानं विचारलं.

“तर ट्रॅक्टर मारंल. आज न्हाई तर म्हैन्यानं. तवा तू हितं नसशील.”

श्रेणिकनं पाहुण्यांकडं बघितलं. मग ताठ उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

“हा पाइप मी चुकीचा टाकलाय. दोन रस्ते सांगितले, ते एकाच वाटेनं जातात. आता दोन्ही तुटतील.”

आणि कुऱ्हाड मारली.

पाइप चिरला. आत दोन काळ्या तारा दिसल्या, दोन्ही तुटलेल्या.

ऑफिसात पडदा बघत बसलेला एक पाहुणा ओरडला, “गेलं! समदं लाल झालं!”

आम्ही गोठ्यात धावलो. मी सगळ्यांत पुढं. या वयात मी इतका पळालो, ते घरी सांगितलं तर खरं वाटणार नाही.

आत…

टक… टक… टक…

बारा गायी उभ्या होत्या. बाराही रवंथ करत होत्या.

मी पाचव्या जागेकडं बघितलं. ताराचं दूध पारदर्शक नळीतून येत होतं, आणि येऊन कॅनमध्ये पडत होतं. वेगळ्या कॅनमध्ये. टाकीत नाही.

मी वाकून नळी हातानं चाचपून बघितली. डोळ्यांवर विश्वास ठेवायचं माझं वय राहिलेलं नाही.

पहिल्या गायीचं दूध संपलं. यंत्र आपोआप सुटलं, खाली आलं. फाटक मात्र उघडलं नाही.

अक्कांनी डोळे मिटले.

कल्पना ओल्या हातानं पुढं आली. लाल मुठीचा दांडा धरला, ओढला. फाटक उघडलं. गाय बाहेर गेली, जाताना शेपटीनं भरमूअण्णांचा फेटा पाडून.

मग दुसरी. तिसरी. एकेक करून बाराही. कल्पनानं दांडा असा ओढला, जसं घरचं दार उघडावं.

“तुला कुनी शिकवलं गं?” वस्तादांनी विचारलं.

“हेनी की.” तिनं श्रेणिककडं बघितलं. “पैल्याच दिशी. समद्या बायांकडनं धा-धा येळा वडून घेतला. आमी वैतागलो हुतो.”

वस्ताद श्रेणिककडं वळले. तो दारातच उभा होता, हातात अजून कुऱ्हाड.

“त्या डब्यात काय हाय?”

“काही विशेष नाही, वस्ताद.” श्रेणिक म्हणाला. “गाय आत आली की तेवढ्यातच तिचं सगळं त्या डब्यात उतरवून घेतो. कोण, किती खाद्य, औषध आहे का. पुढं मग कॉम्प्युटर असला काय, नसला काय. ती धार डबा एकटा पुरी करतो.”

“आनि दांडा?”

“कधी डबाही गेला तर… गाय अडकू नये.”

“मगाशी पाव्हन्यांना ह्ये का न्हाई सांगितलंस?”

“हे काय सांगायचं?”

त्याला खरंच कळलं नव्हतं. तोंडावरून दिसत होतं.

“सांग तरी. कशापायी केलंस?”

श्रेणिक कुऱ्हाडीच्या दांड्याकडं बघत म्हणाला,

“लहानपणी आमची एकच गाय होती. आईनं चुकून औषधाचं दूध डेअरीला न्यायच्या कॅनमध्ये घातलं. डेअरीवर सगळ्या गावासमोर तिचा कॅन गटारीत ओतला. आई रिकामा कॅन घेऊन घरी आली… पदर तोंडावर घेऊन. कल्पनाताईंच्यावर ती वेळ यायला नको, एवढंच. त्यात तंत्र काही नाही, वस्ताद. साधा डबा आहे.”

कल्पना खाली बघून हात पुसत राहिली. हात केव्हाच कोरडे झाले होते.

अक्का पुढं आल्या आणि श्रेणिकच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली. मला त्या पोराचा त्या क्षणी इतका अभिमान वाटला की मी उगाच ताराच्या दुधाचा कॅन तपासायला बसलो.

वस्तादांनी विचारलं,

“पाइप तुटला तवा किती गायींनी मान वर केली?”

“येकीनं बी न्हाई,” कल्पना म्हणाली.

वस्तादांनी खिशात हात घातला. या वेळी तपकिरीची डबी नव्हती.

श्रेणिकनं बघितलं आणि गडबडून म्हणाला, “नको, वस्ताद! नेटवर्क तुटलंय. पडदा लाल आहे. मी दुसरा पाइप पलीकडच्या भिंतीनं टाकतो, दोन दिवस द्या. मग बघा.”

“टाक की. टाकायलाच पायजे.”

ते पाचव्या जागेकडं चालत गेले.

“वस्ताद… पॅनेल तिकडं आहे.”

“म्हाईत हाय.”

त्यांनी करंगळी बुडवली. ताराच्या जागेवरच्या करड्या डब्यावर, शेणाचा शिंतोडा अंगठ्यानं पुसून, पिवळा ठिपका ठेवला.

भरमूअण्णा फेटा झटकत म्हणाले, “म्हंजे पास म्हनायचं का नापास? आमी काय समजायचं?”

वस्तादांनी डबी बंद केली. बाहेर आले, गोठ्याच्या ओट्यावर बसले आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

दोन दिवसांनी पलीकडच्या भिंतीनं दुसरा पाइप गेला. मी बघितलाय. पहिल्याइतका देखणा नाही. दोन ठिकाणी वाकलेला आहे, कारण तिकडं एक लिंबाचं झाड आहे आणि ते तोडू नका असं अक्कांनी सांगितलं. काम झाल्यावर श्रेणिकनं कुऱ्हाड आणली आणि वस्तादांच्या हातात दिली.

“मारा.”

वस्तादांनी पाइपाकडं बघितलं. मग गोठ्याकडं कान दिला. टक… टक… टक… त्यांनी कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली.

श्रेणिक जीपकडं गेला. वर्तमानपत्र सोडून पाटी काढली. मोठी, निळ्यावर पांढरी अक्षरं. ती छातीशी धरून वस्तादांपुढं उभा राहिला. सहा वर्षांत मी त्याला इतका लाजलेला बघितला नव्हता.

“लावू का, वस्ताद?”

“लाव की. तुझंच नाव हाय.”

“बाहेरच्या मोठ्या फाटकावर लावतो. रस्त्याकडनं दिसेल.”

वस्ताद हसले. आमच्या गुलाब वस्तादांना हसताना बघितलेली माणसं गावात थोडीच आहेत, त्यांत आता मी आहे.

“फाटकावरच लाव,” ते म्हणाले. “पन तोंड गोठ्याकडं कर.”